पाच हॉर्सपॉवरला कोणती होडी?

प्रश्न : तात्यांस नमस्कार. एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलं आणि मागच्या वर्षी निवृत्त झालो. आता गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठी गावच्या घरी असतो. भाच्याने त्याचं 5 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन मला देऊन टाकलंय, आखूड दांड्याचं. शेजारचा एक गडी सोबतीला आहे. दोघांनी खाडीत गरी टाकायची, एखादं छोटं जाळं लावायचं, हवा बरी असली तर खाडीच्या तोंडापर्यंत जायचं, एवढीच हौस. दोन होड्या बघून ठेवल्यात. एक 12 फुटी फायबरची, 5 फूट रुंद, तळ सपाट, मागून चौकोनी. दिसायला नवीकोरी, आणि मालक किंमतही खाली आणतोय. दुसरी 17 फुटी लाकडाची, वरून 4 फूट रुंद, मागे निमुळती होत जाऊन शेवटी छोटीशी फळी. ही जुनी आहे. घरचे म्हणतात फायबरची घ्या, लहान इंजिनाला लहान होडी. मला इंजिन कळतं, होडी कळत नाही. काय करू?

उत्तर : ड्रायव्हरसाहेब, ‘लहान इंजिनाला लहान होडी’ हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की एकदा मीही त्यावर पैसे घातलेत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी इंजिनं दुरुस्त करायचो. हातात आलेलं एक 5 हॉर्सचं टू-स्ट्रोक इतकं गोड चालत होतं की विकायला जीव होईना. त्याच्यासाठी 13 फुटी फायबरची होडी घेतली, तुमच्या त्या पहिल्या होडीची थोरली बहीणच. रुंद, सपाट, मागून पेटीसारखी. धक्क्याला लावलेली असताना अजिबात डुलायची नाही, आमची मंडळीसुद्धा न घाबरता जाऊन बसली.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मेहुणा आणि मी खाडीच्या तोंडाशी गरवत होतो. उधाणाला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या आगेमागे पूर्ण होते, म्हणजे पुढे दुपारभर सुकती, ओहोटीचा ओढा. चारच्या सुमाराला परत फिरलो, तर समोरून सगळी खाडी अंगावर यायला लागली. मूठ पूर्ण पिळली. इंजिन बोंबलतंय, नाळ म्हणजे होडीचं नाक आभाळाकडे, मागची फळी पाण्यात रुतलेली, आणि तिच्या मागे पाण्याचा एक ढीग उकळतोय. मेहुणा काठावरच्या एका वाकड्या माडाकडे बघत होता. बराच वेळ बघून म्हणाला, “भावोजी, हा माड आपल्याबरोबर येतोय काय?” माड कुठला येतोय! आम्हीच जागेवर होतो. पेट्रोल निम्मं जळाल्यावर अक्कल आली. नांगर टाकला आणि सुकती ढिली होईपर्यंत डास मारत बसलो. मेहुण्याने ही गोष्ट पुढे प्रत्येक लग्नात सांगितली.

फळीमागचा तो ढीग म्हणजेच माझं पेट्रोल होतं. होड्या दोन जातीच्या. एक पाणी बाजूला सारत त्यातून वाट काढणारी, दुसरी वेग घेऊन पाण्यावर चढून घसरत जाणारी. सपाट तळाची, मागून रुंद चौकोनी होडी ही दुसऱ्या जातीची. ती एकदा वर चढली की सुसाट जाते, पण चढवायला ताकद लागते. ढोबळ हिशेब असा की एका हॉर्सपॉवरमागे एकूण वजन 20 ते 25 किलोच हवं. तुमची बेरीज करून बघा. फायबरची होडी 130 किलो धरा, दोन माणसं 140, इंजिन 27, आणि नांगर, दोरी, जाळं, पेट्रोल, बर्फाचा डबा, पिण्याचं पाणी मिळून 55. झाले साडेतीनशे. म्हणजे 15 हॉर्सच्या आसपास इंजिन लागेल. पाचावर ती कधीच वर चढणार नाही. अर्धवट नाक उचलून मागची रुंद फळी पाण्यातून फरफटत नेत राहील. पहिल्या गिअरमध्ये हँडब्रेक ओढून कुंभार्ली घाट चढल्यासारखं होईल ते.

पहिल्या जातीच्या होडीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. होडीचा जेवढा भाग पाण्याला टेकलेला असतो त्याची लांबी फुटांत मोजा, वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. आलेला आकडा नॉटमधला, आणि एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. तुमच्या 17 फुटीची पाण्यातली लांबी साडेपंधरा फूट धरली तर सव्वापाच नॉट, म्हणजे ताशी पावणेदहा किलोमीटर. 12 फुटी पाचावर वर चढणारच नाही, म्हणून तिलाही हाच हिशेब. तिची 11 फूट धरली तर ताशी सव्वाआठ. तुम्ही म्हणाल, दीड किलोमीटरच्या फरकासाठी एवढं पुराण? पण हा वेग साचलेल्या पाण्यातला झाला. समोरून ताशी 5 किलोमीटरची सुकती धरा. लांब होडी पावणेपाचने पुढे सरकते, आखूड सव्वातीनने. तासाभराच्या वाटेला दीड तास.

आणि या वेगापर्यंत जायला फारसं काही लागत नाही. साधारण सव्वादोनशे किलोमागे एक हॉर्स पुरतो. तुमची लाकडी होडी सामानासकट सव्वाचारशे किलो भरली तरी दोन-अडीच हॉर्समध्ये भागतं, राहिलेलं वाऱ्या-प्रवाहासाठी हाताशी. म्हणून मूठ निम्मीच उघडून चाला. ताशी 6 वरून साडेसातवर जायचं तर ताकद जवळजवळ दुप्पट लागते, आणि होडीच्या शेवटच्या वेगाशी आलात की त्याहूनही जास्त. 5 हॉर्सचं फोर-स्ट्रोक पूर्ण उघडलं तर तासाला साधारण दोन लिटर पेट्रोल पितं. पूर्ण उघडून मिळतं काय, तर मागे मोठी लाट.

तेव्हा माझं मत लाकडी होडीकडे. मात्र इतक्यात पैसे देऊ नका.

आधी ती पाण्यात उतरवून तुम्ही आणि तुमचा गडी दोघं बसा, आणि इंजिन न लावता वल्हवा. आपल्याकडच्या जुन्या होड्या बांधल्याच वल्ह्यासाठी, आणि माणसाच्या हाताला जी होडी हलकी लागते तीच लहान इंजिनाला हलकी लागते. वल्हं मारून थांबा आणि मागे वळून बघा. पाणी फळीखालून गुपचूप निसटून मिटलं पाहिजे. फळीला चिकटून भोवरे येत असतील तर मागची बाजू खोल बसली आहे. थोडं पुढे सरकून बसा, पुन्हा बघा. आणखी एक युक्ती सांगतो, लोक हसतात पण करा. मासळी तोलायचा लटकता काटा घ्या, होडीच्या दोरीला बांधा आणि गुडघाभर पाण्यातून चालत होडी ओढा. काटा किती दाखवतो ते बघा. मग त्याच पाण्यात, तितक्याच माणसांनिशी, तितक्याच चालीने फायबरची होडी ओढा. दोन आकडे घरच्यांसमोर ठेवले की माझं पत्र वाचून दाखवायची गरज पडणार नाही.

मग लाकूड. दिवसा, ओहोटीला, होडी कोरडी असताना बघायला जा. रंग नुकताच मारलेला असेल तर मालकाला सांगा, आठ दिवसांनी येतो. तळाचा मधला वासा, आम्ही त्याला पठाण म्हणतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या पहिल्या फळ्या यांवर लहान स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटत पुढून मागे जा. टणटण आवाज आला पाहिजे. जिथे ‘भद’ असा येईल तिथे टोक दाबा. शिरलं तर तिथलं लाकूड गेलं. पाण्यातला किडा बाहेरून टाचणीएवढं भोक पाडतो आणि आतून सगळं चाळण करून टाकतो. त्यामुळे भोकं मोजत बसू नका, आवाज ऐका. टायर ठोकून हवा ओळखणाऱ्याला हे शिकवायला नको. खिळ्यांभोवती काळे डाग आणि गंजाचे ओघळ असतील तर खिळे संपलेत. एक-दोन फळ्या बदलणं परवडतं. पठाणच गेला असेल तर हात जोडून परत या.

आता इंजिन बसवणं. आउटबोर्डचा आखूड दांडा म्हणजे 15 इंचांचा, लांब म्हणजे 20. पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाला समांतर आणि तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि होडी जागेवर. फार खाली गेली तर नुसतं ओझं. लाकडी होडीची मागची फळी बहुधा 20-22 इंच उंच असेल, आणि तुमचा दांडा आखूड. फळीत मधोमध खाच पाडून ती पंधरा इंचांवर आणावी लागेल. खाच पाडली की मागून पाणी आत यायला दार उघडलं. त्यासाठी खाचेच्या पुढे फूटभरावर पूर्ण उंचीचा आड, म्हणजे आडवी फळी, घालून घ्या. म्हणजे आलेलं पाणी आडाच्या पुढे होडीत न जाता मागच्या मागे बाहेर पडेल. दाभोळ-धोपावे फेरीबोटीची लाट मागून येते तेव्हा हा आड काय कामाचा ते कळेल. फळीला आतून एक जाड लाकडी तुकडा बोल्टने कसा. चिमटा नुसता हाताने आवळून समाधान मानू नका, इंजिनाला वेगळी दोरी बांधून ती आतल्या कडीला अडकवा. खाडीच्या तळाशी किती इंजिनं पडलीत त्याची नोंद कुणी ठेवत नाही, पण मी दोन बाहेर काढलीत.

निमुळत्या होडीचा एक खरा दोष असतो. मागे वजन सोसत नाही. इंजिन मागे, टाकी मागे, आणि मूठ धरायला तुम्हीही मागे, की बुड गेलं खाली. पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा घ्या, तोंडाशी चीर पाडून तो मुठीवर घट्ट बसवा आणि क्लॅम्प लावा. आता मधल्या पाटलीवर बसून इंजिन चालवता येईल. टाकी आणि नांगर पुढे सरकवा. मात्र इंजिन बंद करणारी ती लाल दोरी मनगटाला बांधल्याशिवाय मूठ पिळू नका. पाइप लावला म्हणून ती दोरी आखूड पडते, जोड देऊन लांब करा.

दुसरा दोष, डुलणं. 4 फुटी होडीत उभं राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकायचा तर सवय लागते. पहिले दोन महिने बसूनच गरवा. कुणी उलांडी, म्हणजे तोल धरायला बाजूला बांधलेला ओंडका, लावा म्हणेल. लावली तर होडी स्थिर होते हे खरं, पण त्या बाजूने जाळं घेता येत नाही आणि लहान इंजिनाला तेवढं ओढणं वाढतं. मी असतो तर नसती लावली.

पंख्याचं एकच सांगतो, कारण तुम्हाला गिअर कळतो. पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकेल तो पिच. जड, सावकाश होडीला पिच कमी हवा, घाटात खालचा गिअर टाकतो तसा. भाच्याने हे इंजिन हलक्या रबरी होडीला लावलेलं असेल तर त्यावर जास्त पिचचा पंखा असण्याचा संभव आहे. तुमच्या होडीवर पूर्ण मूठ उघडूनही इंजिन दाबून, घुसमटून चालल्यासारखं वाटलं, तर 6 ते 7 इंच पिचचा लावून बघा. या आकाराची फोर-स्ट्रोक इंजिनं पूर्ण उघडल्यावर साधारण 4500 ते 5500 फेऱ्यांवर जायला हवीत. आकडा दाखवणारं यंत्र नसलं तरी तुमचा कान आहे.

लाकडी होडी तपासणीत नापास झाली तर फायबरकडे पळू नका. म्हणजे, फायबरशी माझं भांडण नाही. लांब, अरुंद फायबरची होडी मिळाली तर ती लाकडापेक्षा कमी कटकटीची. नाहीतर एखाद्या चांगल्या सुताराकडून मरीन प्लायची बांधून घ्या. आयएस 710 चा शिक्का बघूनच प्लाय घ्या. 8 बाय 4 चा 6 मिलिमीटरचा ताव 12-13 किलोचा असतो. दोन ताव लांबीत सांधून 15-16 फुटी होडी शंभर किलोच्या आत बसते आणि दोघांना वाळूवर ओढता येते. हीही गोष्ट धरा हिशेबात, तुमची 17 फुटी लाकडी दोनशे किलोची असेल आणि ओढायला रोज चार माणसं गोळा करणं सोपं नसतं. माझ्या ओळखीचा एक जण होडी पाण्यात नेण्यापेक्षा माणसं गोळा करण्यातच दमला आणि शेवटी विकून मोकळा झाला.

कागदपत्रांसाठी मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे होडी घेण्याआधीच जाऊन या. जुन्या होडीचे कागद मालकाच्या नावावर आहेत का ते तिथेच कळेल. आणि इंजिन लावलंत की 1 जून ते 31 जुलैची समुद्रातली मासेमारीबंदी तुम्हालाही लागू होते, वल्ह्याच्या होडीची सूट मग सांगता येत नाही. त्या दोन महिन्यांत इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवून, पुसून, उभं टांगून ठेवा.

प्रश्न : इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्यावर माझी 14 फुटी पत्र्याची होडी आहे. एरवी चिलापी धरतो, हिवाळ्यात भिगवणकडे येणाऱ्या पाहुण्यांना पक्षी दाखवतो. पेट्रोल इंजिनाच्या आवाजाने रोहित उडून जातात, पाहुणे नाराज होतात. बॅटरीवरची मोटर ही होडी ओढेल का?

उत्तर : ओढेल, पण तिच्याकडून बैलाचं काम घ्या, घोड्याचं नको. बाजारात 55 पौंड रेट्याची म्हणून जी 12 व्होल्टची मोटर मिळते ती पूर्ण गतीला सुमारे 50 अँपिअर खाते, म्हणजे 600 वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट, तेव्हा ही मोटर एक हॉर्ससुद्धा भरत नाही. 100 अँपिअर-तासाची साधी शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून पूर्ण गतीला तासभरच धरा. निम्म्या गतीला तीच बॅटरी कितीतरी जास्त टिकते, आणि पक्ष्यांजवळ जायला तीच गती हवी. तशी एक बॅटरी 30 किलोची धोंड असते. परवडलं तर लिथियमची घ्या, निम्म्याहून कमी वजन आणि जवळजवळ सगळी वापरता येते. बॅटरी मोटरीजवळ मागे ठेवू नका, जाड वायर ओढून होडीच्या मध्यावर ठेवा.

पेट्रोल इंजिन मात्र विकू नका. सकाळी बॅटरीवर जा, वारा उठला की इंजिनावर या. मोठ्या जलाशयाचं पाणी शांत दिसतं म्हणून लोक त्याला खाडीपेक्षा सोपं समजतात. 2024 च्या मे महिन्यात कुगाव-कळाशीच्या मध्ये वळवाच्या वादळात होडी उलटून सहा माणसं गेली, ती याच पाण्यात. वाऱ्याविरुद्ध उभं राहायची ताकद त्या मोटरीत नाही. पाहुण्यांना लाइफ जॅकेट घालून, बक्कल लावूनच बसवा. फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून कुणी काढायला लागलं तर होडी काठाला आणा.

प्रश्न : आमच्या घरच्यांनी 14 फुटी लाकडी होडीचं 5 हॉर्सचं इंजिन काढून 15 हॉर्सचं बसवायचं ठरवलंय, तिप्पट वेग मिळेल म्हणतात. मला भीती वाटते. — एक वाचक भगिनी, रायगड

उत्तर : ताई, तुमची भीती बरोबर आहे, तिप्पट वेगाचा हिशेब चुकीचा आहे. लाकडी, निमुळती होडी तिच्या लांबीने ठरवलेल्या वेगापुढे फार जात नाही. ताकद वाढवली की ती बुड खाली घालून बसते आणि मागून पाणी घेते. शिवाय 15 हॉर्सचं टू-स्ट्रोक 36 किलोच्या पुढे, फोर-स्ट्रोक पन्नासच्या घरात. तेवढं वजन आणि तेवढा रेटा 5 हॉर्ससाठी केलेल्या फळीवर टाकला तर आधी बोल्टांच्या भोवती चिरा दिसतील. त्यांना सांगा, त्या पैशात होडीचा तळ खरवडून घ्या आणि नवा रंग मारा. तळाला शिंपले-कालवं चिकटलेली असतील तर ती निघाल्यावरच होडी हलकी झालेली कळेल. वेग हवाच असेल तर मग होडीच दुसरी बघावी लागेल, आणि ती बघायला जाताना मला कळवा. मासळीचा काटा घेऊन मी येतो.